निर्जन तीर आणि गोदेकाठचा सिंह

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी ह्या जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा प्रदेश अरबी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी आली की येथील मंडळी कोकणची वाट धरतात. त्यांतही अलीकडे ओढ दिसते ती प्रसिद्ध किनाऱ्यांची नव्हे. जेथे नीट रस्ता नाही, दिवे नाहीत, राहुटी ठोकून रात्र काढावी आणि पहाटे गळ टाकून बसावे, अशा आडबाजूच्या किनाऱ्यांची ती ओढ आहे. ह्या ओढीवर लिहिणाऱ्यांची संख्याही वाढत आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि प्रवासविषयक पुस्तकांतून ‘निर्जन तीर’ हा आता एक रूढ विषय झाला आहे. ह्या विषयाकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहावे, आणि समुद्रकाठच्या नव्हे तर गोदाकाठच्या अभ्यासकाने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोदाकाठच्या अभ्यासकाने, असे म्हणण्यास कारण आहे. अंबड, घनसावंगी आणि परतूर ह्या तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि निर्जन तीराच्या आकर्षणाचे आपल्या प्रदेशातील सर्वांत जुने वाङ्मय ह्याच नदीच्या काठचे आहे. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’मध्ये गोदेचा काठ, तेथील कुंज आणि वेताची बने पुन्हा पुन्हा येतात. स. आ. जोगळेकर ह्यांनी १९५६ मध्ये हा ग्रंथ मराठी वाचकांपुढे विस्तृत विवेचनासह ठेवला. तेव्हापासून त्यातील ग्रामजीवन, शेती व शृंगार ह्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्यातील स्थळाची कल्पना, विशेषतः एकांतस्थळाची कल्पना, आजच्या वाङ्मयाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

ह्या संग्रहातील एक गाथा साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वस्तुध्वनीचे उदाहरण म्हणून ती घेतली. प्रसंग साधा आहे. गोदेकाठच्या कुंजात एका स्त्रीचे संकेतस्थळ आहे. एक धार्मिक गृहस्थ फुले वेचण्यासाठी तेथे येऊ लागतो आणि एकांत मोडतो. त्याला एका कुत्र्याचे भय वाटत असते. ती त्याला सांगते की आता निर्धास्त फिरा, तो कुत्रा त्या कुंजातील सिंहाने मारला. वाच्यार्थ विधीचा आहे, व्यंग्यार्थ निषेधाचा. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ह्याच गाथेवर आक्षेप घेतला. निषेधाचा अर्थ अनुमानानेच कळतो, त्यासाठी व्यंजना नावाचा वेगळा व्यापार मानण्याचे कारण नाही, असे त्याचे म्हणणे होते. मम्मटाने त्याला उत्तर दिले. भित्रा मनुष्यही गुरूच्या आज्ञेने वा प्रियेच्या ओढीने भयस्थानी जातो, म्हणून हेतू अनैकान्तिक आहे. कुत्र्याला टाळणारा मनुष्य सिंहाला न भिणारा वीर असू शकतो, म्हणून तो विरुद्धही आहे. आणि गोदातीरी सिंह आहे हे प्रत्यक्षाने वा अनुमानाने सिद्ध झालेले नाही. ते केवळ त्या स्त्रीच्या बोलण्यावरून कळते, आणि तिचे बोलणे प्रमाण धरता येत नाही, म्हणून हेतू असिद्ध आहे.

ह्या वादाचा वाङ्मयशास्त्रीय निर्णय येथे पुन्हा करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की एका निर्जन तीरावर हक्क कोणाचा, हा त्या गाथेचा खरा विषय आहे. स्त्रीला तो तीर हवा आहे, फुले वेचणाऱ्यालाही हवा आहे. दोघांचीही गरज खरी आहे. तीर निर्जन राहील तरच तो तिच्या उपयोगाचा. म्हणून ती त्या तीरावर एक सिंह आणून बसवते. एकांतस्थळ निसर्गात तयार सापडत नाही, ते राखावे लागते, आणि राखण्याचे साधन बहुधा भय हेच असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील ही गाथा आज आपल्याला हे शिकवू शकते.

सप्तशतीतील दुसरी एक गाथा ह्या विचाराला पूरक आहे. भाताची शेते पिकून पांढरी पडली म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते. पीक कापले की तिचा आडोसा जाणार. सखी तिची समजूत घालते की तागाची शेते आता हरताळ माखलेल्या नटीसारखी फुलली आहेत. येथे एकांत पिकाबरोबर उगवतो आणि कापणीबरोबर जातो. तो अरण्याचा नव्हे, शेतीचा आहे. कोणाच्या तरी श्रमाने उभा राहिलेला तो आडोसा आहे, आणि गाथाकाराला ह्याची पूर्ण जाणीव आहे. आज अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी उभा ऊस पाहताना ह्या गाथेचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही.

एकांताची दुसरी परंपरा साधनेची. तिचा आपल्या जिल्ह्याशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान, जन्मवर्ष १६०८. बालपणीच घर सोडून ते नाशिकजवळ टाकळीला गेले. नंदिनी व गोदावरी ह्यांच्या संगमावर त्यांनी बारा वर्षे पाण्यात उभे राहून पुरश्चरण केले, असे परंपरा सांगते. पुढे महाडजवळच्या शिवथरच्या घळीसारखी दुर्गम स्थळे त्यांच्या चरित्राशी व काव्याशी जोडली गेली. एकांतात बसून विवेक करावा हा विचार ‘दासबोधा’त वारंवार येतो. परंतु हा एकांत विसाव्याचा नाही. त्याला नियम आहे, कालमर्यादा आहे, आणि त्याचा शेवट लोकांत परत येण्यात आहे. येथे दुर्गमता हे मोल आहे आणि ते देहाने चुकवावे लागते. गाथेतील स्त्रीचा एकांत आणि समर्थांचा एकांत ह्यांत विषयाच्या दृष्टीने महदंतर असले, तरी एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी एकांताची किंमत ठरलेली आहे, आणि ती कोण देतो हे स्पष्ट आहे.

आता समुद्राकडे वळू. आधुनिक मराठी कादंबरीत कोकणचा दुर्गम भाग जेव्हा समर्थपणे आला, तेव्हा तो रमणीय एकांत म्हणून आला नाही, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) ह्या कादंबरीत गारंबी आडगाव आहे, परंतु बापूला आणि राधेला त्या गावात एकांत कोठेच मिळत नाही. बाहेरच्या जगापासून जे गाव जितके दूर, त्या गावातील माणसे एकमेकांच्या नजरेच्या तितकीच जवळ असतात. चिं. त्र्यं. खानोलकर ह्यांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) ह्या कादंबरीत तर निर्जन सागरतीर ही एक शक्तीच आहे. कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या परिसरातील खरे स्थळ, आणि खानोलकर त्याच तालुक्यातील. कादंबरीतील परशुरामतात्याला त्या स्थळी शांती मिळत नाही. त्याला वर मिळतो आणि त्या वराचा भार मिळतो. समुद्राच्या त्या गूढ गर्जनेपुढे मनुष्य हलका होत नाही, बांधला जातो. गाथेतील सिंह येथे पुन्हा भेटतो, आणि कोणा स्त्रीने रचलेली थाप म्हणून त्याला आता टाळता येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या निर्जन तीराच्या लेखनाकडे पाहिले म्हणजे एक मूलभूत पालट दिसून येतो. जुन्या वाङ्मयात एकांतस्थळावर प्रेम करणारा मनुष्य इतरांना सांगतो की तेथे सिंह आहे. आजचा लेखक सांगतो की तेथे सिंह नाही, अवश्य या. तो स्थळाचे नाव देतो, वाट देतो, भरती-ओहोटीची वेळ देतो, आणि त्याच लेखात ‘अजून येथे कोणाचे पाऊल पडलेले नाही’ असेही लिहितो. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. लेख जितका यशस्वी, तितके त्यातील वर्णन लवकर खोटे ठरणार. संकेतस्थळ ह्या शब्दाचा आजचा अर्थ ह्या दृष्टीने सूचक आहे. जेथे दोघांनी गुपचूप भेटावे ते संकेतस्थळ, हा जुना अर्थ. जेथे सर्व जगाला सर्व काही कळते ते संकेतस्थळ, हा नवा.

परंतु ह्याहून गंभीर दोष वेगळाच आहे. ‘निर्जन’ हा शब्द ह्या लेखनात वर्णनाचे काम करतो असे वाटते. वस्तुतः तो निवाडा देतो. ज्या किनाऱ्याला लेखक निर्जन म्हणतो, त्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जाते. दोरखंडाला हात लावणारी माणसे वाळूत पाय रोवून तासन्‌तास जाळे ओढतात, आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. खडकावर बसून गरी टाकणारा, ओहोटीच्या पाण्यात पाग फेकणारा, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, ही सर्व माणसे ‘निर्जन’ ह्या एका शब्दाने चित्रातून पुसली जातात. लेखात ती आलीच तर चित्राची शोभा वाढवण्यासाठी येतात. हौशी मनुष्य गळ टाकून बसतो तेव्हा मासा हे निमित्त असते आणि बसणे हे साध्य असते. पोटासाठी गळ टाकणाऱ्याचे नेमके उलट असते. दोघे एकाच खडकावर बसलेले असले तरी त्यांचा समुद्र एक नव्हे. हा भेद ज्या लेखनाला दिसतो ते वाङ्मय होण्याची शक्यता असते. ज्याला दिसत नाही ते जाहिरातीच्या जवळ जाते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर वाढलेल्या लेखनाला ही कसोटी लावून पाहणे हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेचे काम आहे.

ह्यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. दुष्काळाने आणि दगदगीने थकलेल्या मनुष्याने चार दिवस समुद्रकाठी शांतपणे घालवू नयेत काय? त्याच्या विसाव्यावर साहित्यशास्त्राचा भार कशासाठी? आक्षेप रास्त आहे. जालन्याचा मनुष्य पाण्याकडे कोणत्या तहानेने जातो हे ज्यांनी २०१२-१३ चा दुष्काळ येथे काढला त्यांना सांगावयास नको. ज्याच्या घरी पाणी मोजून येते, त्याला न मोजता येणारे पाणी पाहण्याची ओढ वाटावी ह्यात नवल काय? ती ओढ खरी आहे, आणि तिच्यावर येथे टीका केलेली नाही. टीका आहे ती त्या ओढीच्या भाषेवर. ओढ आपल्या उणेपणातून जन्मते, आणि लेखक मात्र तिचे श्रेय किनाऱ्याच्या रितेपणाला देतो. आपल्याला काय नाही हे सांगण्याऐवजी तेथे कोणी नाही असे तो सांगतो. भाषेची ही चूक प्रथम लेखनात होते आणि नंतर धोरणात उतरते. जेथे कोणी नाही असे मानले, तेथे काहीही करता येते.

ह्याचे उदाहरण पाहण्यासाठी कोकणात जाण्याची आवश्यकता नाही. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाने सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण केला. आपल्या जिल्ह्यातील मनुष्याला जवळात जवळ दिसणारा ‘समुद्र’ तोच, आणि त्याला सागर हेच नाव मिळाले, नाथसागर. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, आणि पाहणारा म्हणतो, किती निर्जन, किती शांत. त्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी आहेत. काठावर जाळी वाळत घालणाऱ्या भोयांची वस्ती आहे. धरणाच्या खाली शहागडपासून पुढे गोदेचा काठ उन्हाळ्यात सुना दिसतो, परंतु तो सुनेपणाही निसर्गाचा नव्हे. वर सोडलेल्या वा न सोडलेल्या पाण्याचा आणि उपसलेल्या वाळूचा तो परिणाम आहे. ज्या कुंजात गाथेतील स्त्रीने सिंह बसवला, त्या काठी आज लपण्याजोगा कुंज शोधावा लागतो.

तेव्हा निर्जन तीराविषयीच्या लेखनाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. पहिला, ह्या एकांताची किंमत कोण देतो हे लेखकाला ठाऊक आहे काय? दुसरा, त्या तीरावर दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो ह्याची जाणीव लेखनात कोठे तरी आहे काय? तिसरा, तेथील भय, म्हणजे वादळ, बुडणे, उपासमार, दैवते, लेखकाने पाहिले आहे की सोयीसाठी वगळले आहे? गोदेकाठच्या त्या स्त्रीचे बोलणे मम्मटाने प्रमाण मानले नाही, आणि ते योग्यच होते. तथापि तिच्या असत्यातही फुले वेचणाऱ्याचे अस्तित्व मान्य केलेले आहे. तो तेथे येतो हे ती जाणते, म्हणून तर ती त्याच्याशी बोलते. आजचा लेखक सिंह नाही हे खरे सांगतो, परंतु काठावरच्या माणसाशी बोलत नाही. ह्या दोघांत अधिक प्रामाणिक कोण, ह्याचा विचार वाचकांनी करावा.