ताराबाईंना उत्तर कोणी दिलं?

मंडळी, आज भिवंडीत आम्ही बोलणार आहोत एका छोट्या पुस्तकाबद्दल. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री पुरुष तुलना'. साल १८८२, पुण्यात छापलेलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याचं. नवजात मूल मारल्याबद्दल तिला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रात सगळ्याच बायकांना नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी बायकांवरचा एकेक आरोप उचलला आणि विचारलं, हा दोष पुरुषात नाही का?

पुस्तक रागाचं आहे, खरंच. भाषा घरातली, फटकळ. कुठे कुठे मुद्दा सुटतो आणि टोमणाच लांबतो, हेही आम्ही म्हणू. पण युक्तिवाद पक्का आहे. आम्ही वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलं, हे पुस्तक वर्गात एकदाही नेलं नाही! ते मराठीच्या मंडळींचं काम, असं वाटायचं.

बाईला लिहूच दिलं नाही, ही अडचण सगळ्यांना कळते. ताराबाईंना तर वडिलांनी शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं, छापलंही. अडलं त्याच्यापुढे. वादाला प्रतिवादी लागतो ना? इथे वाट्याला आली ती निंदा. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही. हे पहिलं स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं ते १९७५ साली, ९३ वर्षांनी.

आता ते मिळतं. पुढच्या वेळी वाचून या, आणि ताराबाईंचा कुठला मुद्दा पटला नाही ते उभं राहून सांगा.