इको-निवास संहिता व जुन्या वाड्यांच्या भिंती

भारत सरकारच्या ऊर्जा मंत्रालयानें २०१८ सालीं 'इको-निवास संहिता' या नांवाच्या नियमग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. निवासी इमारतींचें छप्पर, भिंती व खिडक्या यांतून उष्णता किती आंत यावी, हा त्याचा विषय. संहिता मुख्यतः नव्या बांधकामांकरितां रचलेली असल्यामुळें, पोथ्या व दप्तरें सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस तिचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. परंतु जुना वाडा विजेच्या काटकसरीच्या दृष्टीनें दुरुस्त करावयाचा झाला, तर स्थापत्यविशारद हींच मापें हातीं घेऊन येण्याचा संभव आहे. तेव्हां तीं मापें आपणच तपासून ठेवलेलीं बरीं.

छपरासंबंधीं संहितेनें धरलेला कटाक्ष सर्वस्वी योग्य आहे. छपरांतून दर चौरस मीटरास, तापमानाच्या दर अंशामागें, १.२ वॉटहून अधिक उष्णता जाऊं नये असा तिचा दंडक आहे. उघडी सिमेंटची स्लॅब याच्या अडीच ते तीनपट उष्णता आंत सोडते. पांढऱ्या मातीचें जाड माळवद उतरवून ज्यांनीं अशी स्लॅब अगर नुसता पत्रा घातला, त्यांनीं वरच्या मजल्यावरचें दप्तर उन्हांतच नेऊन ठेवलें म्हणावयाचें.

भिंतींविषयीं मात्र संहितेचें माप अपुरें पडतें. थंड प्रदेश वगळून इतरत्र, भिंती व खिडक्या यांतून येणारी उष्णता सरासरीनें दर चौरस मीटरास १५ वॉटहून अधिक नसावी, असा तिचा नियम. हा हिशेब भिंतीच्या उष्णतावहनावर चालतो. भिंत किती उष्णता पोटांत साठवून ठेवते, याला त्या सूत्रांत स्थानच नाहीं. दोन फुटी वीटचुन्याची भिंत त्या मापानें नऊ इंची भिंतीच्या फार तर दुप्पट चांगली ठरते. वस्तुतः दुपारचें ऊन अशा भिंतीच्या आंतल्या अंगास पोहोंचावयास अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो, व तोंवर बाहेर रात्र झालेली असते. वाड्याच्या गारव्याचें रहस्य यांतच आहे. केवळ सूत्राकडे पाहून आंतल्या बाजूनें उष्णतारोधक तक्ते ठोकले, तर आंकडा सुधारेल. पण भिंतीचा साठा खोलीस मुकेल.

दुसरा, व कागदाच्या दृष्टीनें अधिक गंभीर, प्रश्न ओलाव्याचा. चुन्याच्या गिलाव्यांतून भिंतींतील ओल बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंटचा थर चढविला कीं ती आंतच कोंडते. ओली भिंत कोरडीपेक्षां अधिक उष्णता वाहते, म्हणजे ज्या काटकसरीसाठीं खटाटोप केला तीही साधत नाहीं. त्यांत शीतक यंत्राची भर पडते. पावसाळ्यांत बाहेर २७ अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रता असली, तर त्या हवेंतील बाष्प सुमारें २४ अंशांवर दंवरूप होतें. यंत्रानें दिवसभर २२ अंशांवर ठेवलेली खोली सायंकाळीं यंत्र बंद करून उघडली, म्हणजे तेंच दंव थंड भिंतींवर व पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर उतरतें. आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांवर राहिली कीं बुरशीचें भय सुरू होतें. दप्तरें रुमालांत बांधण्याची आमच्या कारकुनांची चाल या बाबतींत उगीच नव्हती; कापडाचे वेढे ओलाव्याचे चढउतार कांहीं अंशीं स्वतःवर घेतात. कचेरीच्या वेळेपुरतें चालणारें यंत्र कागदास बंद पडलेल्या यंत्राहून वाईट, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

उघडणाऱ्या खिडक्यांचें क्षेत्र उष्ण-दमट हवामानांत जमिनीच्या सुमारें एक षष्ठांश असावें, हा संहितेचा नियम राहत्या माणसांस हितकर आहे. दप्तरखान्यास तो जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. तेथें खिडक्या उन्हाळ्यांत रात्रीं उघडाव्या, दिवसा लावाव्या, आणि पावसाळ्यांत जपून वापराव्या.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं निदान एक वर्षभर प्रत्येक खोलींतील तापमान व आर्द्रता रोज टिपून ठेवावी. मग प्रथम छप्पर व पन्हळी, नंतर चुन्याचा गिलावा, आणि त्यानंतरही टिपणांतील आंकडे उतरले नाहींत तरच यंत्राचा विचार, असा क्रम ठेवावा. संहितेच्या पुढील आवृत्तींत जुन्या जाड भिंतींकरितां उष्णतासंचयाचें एक स्वतंत्र पद सूत्रांत घालावें, अशी तिच्या कर्त्यांस आमची सूचना आहे.