पाच वेळा ‘का?’: समुपदेशकाच्या नजरेतून एक डिझाइन-कार्ड

एम.ए. सायकॉलॉजी किंवा एम.एस.डब्ल्यू. करून तीन-चार वर्षं समुपदेशन केलेली बरीच मंडळी हल्ली सर्व्हिस डिझाइनमध्ये संशोधन करायचं म्हणतात. त्यांचे कच्चे प्रस्ताव माझ्याकडे वाचायला येतात, आणि पहिल्याच परिच्छेदात बहुधा हे असतं: ‘समुपदेशनामुळे माझ्याकडे समानुभूती आहे, आणि मानवकेंद्री डिझाइनचा पायाच समानुभूती आहे.’ ऐकायला छान वाटतं. पण मुलाखतीत कुणी ‘म्हणजे नेमकं काय?’ एवढं विचारलं की पुढे सांगायला काही उरत नाही. खरं तर तुम्ही याहून टोकदार काहीतरी सोबत आणत असता. ते काय हे दाखवायला आज मी एकच गोष्ट टीकेसाठी घेतेय: आयडीओ या डिझाइन कंपनीच्या मेथड कार्ड्समधलं एक कार्ड.

2003 साली आलेला हा 51 कार्डांचा संच. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचेही चार गट आहेत: शिका, बघा, विचारा, करून पाहा. प्रत्येक कार्डावर पद्धत कशी वापरायची, कशासाठी वापरायची आणि कंपनीने ती कुठे वापरली हे थोडक्यात दिलंय. ‘विचारा’ गटात ‘पाच वेळा का?’ नावाचं कार्ड आहे. कृती अगदी सोपी. समोरच्याने दिलेल्या सलग पाच उत्तरांवर ‘का?’ विचारायचं, म्हणजे माणसाला आपल्या वागण्यामागची खोलवरची कारणं तपासून बोलून दाखवावीच लागतात. उदाहरण कोणतं, तर अमेरिकेतल्या डाएट करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती.

समुपदेशन शिकलेल्या कुणालाही इथे चुळबूळ व्हायला हवी. वजनाबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्लेल्या बाईला एका अनोळखी माणसाने ओळीने पाच वेळा ‘का?’ विचारायचं! यातून ‘खोल’ जे निघेल ते काय असेल?

ही पद्धत आली कुठून ते आधी बघू. टोयोटाच्या कारखान्यातून. ताइइची ओनो यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीवरच्या पुस्तकात दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडलं, का? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. का? पंप नीट वंगण ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला होता. आता गंमत बघा, यातला एकही ‘का’ कामगाराला ‘तू असं का केलंस?’ म्हणून विचारलेला नाही. सगळे यंत्राला विचारलेत, आणि यंत्राला लाज वाटत नाही. कार्डावर येईपर्यंत पद्धत तीच राहिली, पण यंत्राच्या जागी माणूस बसला. ही अदलाबदल कुणी बोलून दाखवत नाही. माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

मराठीत तर ‘का?’ हा प्रश्न आणखीच जड आहे. ‘गृहपाठ का केला नाहीस?’ ‘गोळ्या का घेतल्या नाहीत?’ ‘इतका उशीर का?’ घरात, शाळेत, दवाखान्यात आपण ‘का’ ऐकतो तो बहुतेक वेळा रागावण्याच्या सुरात. त्याला दिलेलं उत्तर म्हणजे खुलासा असतो, आणि खुलासा आपण समोरच्याचं समाधान होईल असाच देतो. म्हणून समुपदेशनाच्या प्रशिक्षणात ‘का’ जपून वापरायला शिकवतात. ‘का आला नाहीत?’च्या जागी ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’

हा फक्त सौजन्याचा मुद्दा आहे असं समजू नका. यात पुराव्याचा प्रश्न आहे, आणि संशोधक म्हणून तुम्हाला तोच जास्त महत्त्वाचा. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा 1977चा लेख वाचला नसेल तर आधी तो वाचा. त्यात दुकानातला एक प्रयोग आहे. हुबेहूब सारख्या मोज्यांचे चार जोड एका ओळीत मांडले आणि गिऱ्हाइकांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितला. लोकांनी उजवीकडच्या टोकाचा जोड खूपच जास्त वेळा निवडला. का निवडला असं विचारल्यावर जागेचं नाव आपणहून कुणीच घेतलं नाही. आपण अमुक का केलं हे माणसाला अनेकदा ठाऊकच नसतं, आणि तरी विचारलं की तो उत्तर देतो. पहिल्याच ‘का’ला ही अवस्था, तर पाचव्याला हाती येणाऱ्या ‘अंतर्दृष्टी’वर सेवा उभी करायची म्हणजे कठीणच आहे.

मग कार्ड टाकून द्यायचं का? नाही. पाच ‘का’ सेवेला विचारा.

समजा तालुक्याच्या गावातली एक बाई जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत एकदा आली आणि पुन्हा फिरकली नाही. तिलाच पाच ‘का’ विचारले तर तिसऱ्यापर्यंत सासू येते, चौथ्यापर्यंत ‘लोक काय म्हणतील’, आणि पाचव्याला ती रडते. तुमच्या वहीत निष्कर्ष पडतो: जनजागृती हवी. आता तेच सेवेला विचारा. आली नाही, का? दुपारी पोहोचली असती. त्याने काय बिघडतं? केसपेपरची खिडकी तोवर बंद होते. का? सकाळच्या गर्दीच्या हिशेबानेच वेळ ठरली आहे. लांबून येणाऱ्यांसाठी वेगळी सोय का नाही? कारण कोण कुठून येतं हे कुणी मोजतच नाही. उदाहरण रचलेलं आहे, पण फरक लक्षात आला असेल. पहिल्या साखळीच्या शेवटी बाईचा दोष, दुसरीच्या शेवटी न ठेवलेली एक नोंद.

हे मांडण्यासाठी या क्षेत्रात जुनं आणि चांगलं साधन आहे. लिन शोस्टॅक यांनी 1984 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सेवेचा आराखडा, म्हणजे सर्व्हिस ब्लूप्रिंट, कसा काढायचा ते रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्याच्या उदाहरणाने दाखवलं. गिऱ्हाइकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही यांच्यामध्ये एक रेघ, आणि काम कुठे फसू शकतं तिथे खूण: उदाहरणार्थ, चुकीच्या रंगाचं पॉलिश लागणं. चाळीस वर्षं झाली, तरी आजच्या बऱ्याच ‘एम्पथी मॅप’पेक्षा मला तो लेख जास्त माणुसकीचा वाटतो. माणसाच्या मनात न शिरताही त्याची गैरसोय त्यात दिसते.

इथे समुपदेशकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. आपल्याला रेघेच्या अलीकडचं उत्तम दिसतं: चेहरा, थांबणं, अडखळणं. पलीकडचं बघायची सवय नसते. सगळं शिक्षण एका खोलीत, एका माणसासोबत झालेलं. केसपेपरची खिडकी आपल्या खोलीच्या बाहेर असते, म्हणून ती ‘केस’मध्ये येत नाही. आधी सोडायची ती ही सवय.

आणि एक धोका. तुम्हाला माणूस बोलता करता येतो, ही तुमची ताकद आहे. पण क्लायंट मदतीसाठी येतो. मुलाखत देणारा तुमच्या प्रबंधासाठी वेळ काढतो. तुमचं मान हलवणं, तुमची शांतता ओळखीची वाटून तो ठरवलं नव्हतं तेही सांगून बसतो. जीन डनकोम्ब आणि ज्युली जेसप यांनी 2002मध्ये संशोधकांच्या या ‘मैत्रीच्या सोंगा’वर नेमकं लिहिलंय. समुपदेशनात निदान पुढचं सत्र असतं, सुपरव्हिजन असतं. संशोधनात रेकॉर्डर बंद होतो आणि तुम्ही शेवटची बस पकडता.

म्हणून प्रस्तावातलं ते ‘समानुभूती’चं वाक्य काढा आणि त्या जागी पद्धतीच्या प्रकरणात चार ठोस गोष्टी लिहा. मुलाखतीत ‘का’ऐवजी कोणते प्रश्न विचाराल. कुठल्या क्षणी रेकॉर्डर बंद करून विषय बदलाल. कुणी कोलमडलं तर त्याला कुणाकडे पाठवाल, आणि त्या व्यक्तीशी आधीच बोलून ठेवलंय का. संमतीपत्रकात ‘हे समुपदेशन नाही’ ही ओळ असेल का, आणि ती तुम्ही नुसती सही घेण्यापुरती ठेवाल की तोंडीही सांगाल. नैतिकता समितीपुढे ही चार उत्तरं तयार असलेला विद्यार्थी मी फार क्वचित पाहिलाय, आणि जे पाहिले ते बहुतेक समुपदेशनातून आलेले होते.