मास्तींचा अमात्य

सचोटीचा अधिकारी म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवणारा हा न्यायाधीश नाटककाराला सोयीचा आहे. एका क्षणात सारे सिद्ध होते. परंतु ज्याला असा क्षण लाभत नाही, ज्याची सचोटी दौऱ्यांत आणि दप्तरांत वर्षानुवर्षे झिजत राहते, त्याचे काय? बंगळूरचे मास्ती व्यंकटेश अय्यंगार (१८९१–१९८६) यांचे चरित्र आणि त्यांची ‘चिक्कवीर राजेंद्र’ ही कादंबरी हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतात.

तमिळ घरात जन्मलेले, इंग्रजीत एम. ए. झालेले मास्ती म्हैसूर संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले आणि कन्नड कथेचे जनक ठरले. बेळगावच्या १९२९ च्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी नोकरीत असतानाच भूषविले. १९४२ साली महाराजांनी त्यांना ‘राजसेवासक्त’ ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी, आपल्याहून कनिष्ठाला वर चढवले गेल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. सेवेची पदवी आणि सेवेचा त्याग यांत एवढेच अंतर!

अधिकारी असलेला कवी ही खरी चिनी परंपरा. ताओ युआनमिंग याने ४०५ साली पद सोडून शेती पत्करली. सू शृ १०८० साली हुआंगझौला हद्दपार झाला. दोघांनीही दरबारापासूनचे अंतर काव्यात मुरवले. मास्तींनी तसे केले नाही. गविपुरम् येथे राहून ‘जीवन’ मासिक सुमारे दोन दशके चालवताना त्यांनी आपल्या गाऱ्हाण्याची कथा केली नाही. त्यांनी अमात्यांविषयी लिहिले.

१९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चिक्कवीर राजेंद्र’मध्ये कोडगूचा अखेरचा राजा आहे, पण कादंबरीचा भार बोपण्णा आणि लक्ष्मीनारायणय्या या मंत्र्यांवर आहे. राजा क्रूर आणि विलासी. त्याच्या कानाशी लंगडा बसव. अशा धन्याची सेवा कुठवर करायची? लक्ष्मीनारायणय्या सावधपणे धीर धरतो. बोपण्णाला ते शक्य होत नाही, आणि १८३४ साली कंपनीची फौज आली तेव्हा तिला वाट मोकळी होते ती त्याच्यामुळे. रामशास्त्र्यांनी पद सोडले तरी राज्य मराठ्यांचेच राहिले. बोपण्णाने राजा सोडला आणि राज्यच गेले. प्रामाणिक माणसाच्या हातून घडलेला हा परिणाम मास्ती त्याच्या पदरात घालतात. त्याला खलनायक करीत नाहीत, की हुतात्माही करीत नाहीत.

मास्तींची शैली मात्र सर्वांना मानवेल असे नाही. राजाचे दुराचार सांगतानाही निवेदकाचा आवाज चढत नाही. एखाद्या जिल्ह्याधिकाऱ्याने चौकशीचा अहवाल लिहावा तसा तो साक्षी गोळा करीत जातो. कधी कधी हा संयम वाचकाला खुपतो, कारण बळी पडलेल्यांच्या वेदनेला जेवढी जागा हवी तेवढी मिळत नाही. पण बोपण्णाच्या निर्णयाची बाजू मांडताना हाच संयम उपयोगी पडतो. मास्ती निकाल देत नाहीत. बोपण्णा आणि लक्ष्मीनारायणय्या दोघांचीही कैफियत पुरती ऐकून घेतात. १९८३ साली ज्ञानपीठ पुरस्कार या कादंबरीच्या लेखकाला मिळाला, तेव्हा त्यांना नोकरी सोडून चाळीस वर्षे झाली होती.