कोंडाण्याचे धरण : लोकक्षोभाचे एक परीक्षण

एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यात काय लिहिले आहे हे आपण पाहतो. तसेच काय लिहावयाचे राहून गेले, हेही पाहतो. लोकक्षोभाचेही असेच परीक्षण व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते. संतप्त समाज जे बोलतो ते वृत्तपत्रांत छापून येते. तो जे बोलत नाही त्याची नोंद कोठेच राहत नाही. कर्जत तालुक्यातील कोंडाणे धरणाच्या निमित्ताने महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला, त्याकडे आम्ही या दृष्टीने पाहू इच्छितो.

कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव. गावापासून रानवाटेने चढून गेले की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील बौद्ध लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका शिल्पाजवळ ‘कण्हाचा शिष्य बलक’ याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे नाव या रानाने जपून ठेवले आहे. आज याच रानाच्या आधाराने ठाकर आणि कातकरी कुटुंबे राहतात. त्यांची नावे मात्र धरणाच्या वादात क्वचितच कोणी उच्चारली.

घटनाक्रम वाचकांना आठवत असेल. २०११ साली कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने धरणाच्या कामाचा ठेका दिला. धरणाची उंची ३९ मीटरवरून ७१ मीटरवर नेण्यात आली आणि खर्च कित्येक पटींनी फुगला. वनजमिनीसाठी लागणाऱ्या परवानग्या हाती नसतानाच काम सुरू झाले, असा आक्षेप घेण्यात आला. अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून कागदपत्रे बाहेर काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ साली काम थांबले. दहा वर्षांत ७० हजार कोटी रुपये खर्चून राज्याचे सिंचन केवळ ०.१ टक्का वाढले, हा आकडा त्याच वर्षी घराघरांत पोहोचला. एरवी कर्जत म्हणजे शेतघर एवढेच जाणणाऱ्या शहरी माणसाच्या तोंडी ‘कोंडाणे’ हे नाव आले.

हा संताप न्याय्य होता, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब ज्यांनी मागितला त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या संतापाने सबंध प्रकरण केवळ सातव्या आज्ञेच्या चौकटीत वाचले. चोरी झाली काय, किती झाली, कोणी केली, एवढेच प्रश्न विचारले गेले. निविदा निर्मळ असती, ठेकेदार सज्जन असता आणि खर्च काटेकोर असता, तर हे रान पाण्याखाली घालणे योग्य ठरले असते काय? हा प्रश्न सभांमध्ये फारसा निघाला नाही. वनांविषयी जे बोलले गेले ते बहुधा ‘परवानगी नव्हती’ एवढेच. जणू परवानगीचा कागद मिळताच झाडांचे मोल संपते.

या अपुऱ्या वाचनाचा परिणाम पुढे दिसला. २०१७ साली हा प्रकल्प सिडकोकडे सोपविण्याचा निर्णय झाला. हेतू बदलला, आता पाणी हवे ते नवी मुंबई आणि तिच्या भोवती वाढणाऱ्या वसाहतींसाठी. खोरे तेच, नदी तीच, वाड्याही त्याच. पण शहरांतून २०१२ साली उठलेली गर्जना पुन्हा ऐकू आली नाही. भ्रष्टाचाराचा विषय न्यायालयाकडे गेला आणि समाजाने आपली फाईल बंद केली.

दुसरी उणीव निसर्गप्रेमी मंडळींच्या प्रतिक्रियेत आढळते. त्यांचे प्रेम खरे आहे, पण ते पावसाळी सहलीचे प्रेम आहे. त्यांच्या चित्रात धबधबा असतो, लेणी असतात, दाट धुके असते. लाकूडफाटा आणि रानभाजी वेचणारी बाई त्या चित्रात नसते. हा दोष केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेतील अलास्का राज्यात १९६० साली एक विस्तीर्ण वन्यप्रदेश राखीव झाला आणि १९८० साली त्याचा विस्तार झाला. त्याच्या किनारपट्टीच्या सुमारे १५ लाख एकर भूमीत तेलविहिरी खणाव्यात की नाहीत, यावर तेथील समाज गेली चार दशके भांडत आहे. एक पक्ष म्हणतो, ही निर्मनुष्य, अस्पर्श भूमी आहे, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, ओसाड बर्फच तो, खणा आणि तेल काढा. दोघेही ती भूमी रिकामीच धरतात. वस्तुतः तेथे माणसे आहेत. कॅरिबू हरणांच्या कळपांवर जगणारे ग्विचिन लोक तेलविहिरींना विरोध करीत आले आहेत, तर किनाऱ्यावरील काक्टोविक गावच्या इनुपिआट लोकांपैकी अनेकांना त्यातून शाळा, दवाखाने आणि रोजगार येतील असे वाटते. २०१७ साली तेथील संसदेने त्या भूमीच्या लिलावाचा कायदा केला. स्थानिकांचे हे मतभेद दूरच्या घोषणांत बसत नाहीत, म्हणून ते ऐकलेच जात नाहीत. कोंडाण्याच्या वाड्यांतही सर्वांचे मत एकच असेल असे आम्ही मानत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ते विचारले जावे.

या भागाने दुसऱ्यांसाठी देण्याची ही पहिली वेळ नव्हे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली सोडून खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांची चाके त्या विजेवर फिरली. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र आले. तेथून सुटणारे पाणी आजही उल्हास नदीतून खालच्या शहरांची तहान भागवते. याच मालिकेतील मुळशीच्या धरणाला १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रहाने उत्तर दिले आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. तो लढा हरला. तरीही लोकक्षोभ म्हणून आम्ही त्याला कोंडाण्याच्या क्षोभाहून वरचे स्थान देऊ. कारण ज्यांची जमीन जाणार होती तेच तेथे बोलत होते. उलट आपल्या काळात इर्शाळवाडी हे ठाकरवाडीचे नाव सर्वांना कळले ते १९ जुलै २०२३ च्या रात्री, तिच्यावर दरड कोसळल्यावर. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. काही दिवस हळहळ झाली आणि खालापूरचे रान पुन्हा सहलीचे ठिकाण झाले.

येथवर इतरांची उणीदुणी काढली. आता स्वतःकडे वळणे भाग आहे. वसईच्या हरितपट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा हा आपल्या समाजाचा अभिमानाचा वारसा आहे. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने पळवले जात होते, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. आज त्याच वसई-विरारच्या नळांना सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. त्या प्रकल्पाच्या धामणी धरणासाठी आदिवासी कुटुंबे उठविली गेली आणि जे पाणी मुळात शेतीसाठी योजले होते, त्यातील मोठा वाटा शहरांकडे वळला. आपली विहीर वाचविताना जो न्याय आपण मागितला, तो दुसऱ्याच्या खोऱ्याला लागू करताना आपण गप्प राहिलो. पनवेल आणि नवी मुंबईच्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही उद्या कोंडाण्याच्या पाण्याबाबत हेच सांगावे लागेल काय?

तहान खोटी आहे असे कोणी समजू नये. चौथ्या मजल्यावर हंडे वाहणाऱ्या मातेला धरण नको म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु नवे खोरे मागण्यापूर्वी जुन्या नळांची गळती थांबली काय, सांडपाणी शुद्ध करून बागांना आणि कारखान्यांना दिले काय, पावसाचे पाणी छपरावर अडविले काय, हे विचारण्याचा अधिकार आहे आणि ते कर्तव्यही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे. तिचा निर्णय मोकळेपणाने झाला की सही-अंगठ्यापुरता, हे पाहण्यासाठी आपल्यापैकी कोणी त्या सभेला जाऊन बसले तर तो क्षोभ अधिक मोलाचा ठरेल.

मागे एका पावसाळ्यात आम्ही तरुण मंडळींसह लेण्यांकडे गेलो होतो. वाटेवर करटुली विकीत बसलेल्या एका ठाकर आजीने आमचा झगा पाहिला, आम्ही कोणी अधिकारी असू असे तिला वाटले असावे. तिने विचारले, “बाबा, धरण व्हनार का न्हाय? घराची कौलं बदलायची का तशीच ठिवायची, तेवढं सांगा.” मुलांपैकी एकजण तिला घोटाळ्याची हकीकत सांगू लागला. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा कौलांचेच विचारले. आम्हांपाशी उत्तर नव्हते. करटुली घेऊन आम्ही पुढे निघालो. कोंडाण्यावर आजवर जे बोलले गेले त्यात आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधून पाहिले. ते आम्हांस सापडलेले नाही.