वंशवृक्ष, नाममुद्रा आणि जनाबाई

वाङ्मयेतिहासात आकृतीचा उपयोग बहुधा निष्कर्ष मांडण्यासाठी होतो, शोध घेण्यासाठी क्वचितच. संतपरंपरेचे परिचित वंशवृक्ष पाहिले की हे ध्यानात येते. नामदेवांपासून एक रेषा निघते आणि तिच्या टोकाशी परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई असते. या रेषेचा नेमका अर्थ काय? जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती, हा परंपरेने सांगितलेला आश्रयसंबंध. नामदेव तिचे गुरू, हा आध्यात्मिक संबंध. ‘नामयाची दासी’ ही नाममुद्रा हा संहितेतला संबंध. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत छापले गेले, हा मुद्रणाने घडविलेला संबंध. चार भिन्न जातींचे पुरावे एका रेषेत विरघळतात. शासनाच्या 1970 च्या नामदेव गाथेतील तिचे स्थान हा संपादकीय निर्णय आहे. चौदाव्या शतकातील नात्याचा तो पुरावा होऊ शकत नाही.

म्हणून आकृतीच टाकून द्यावी, असे नव्हे. वि. स. सुखटणकरांनी महाभारताच्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत (1933) पाठपरंपरांचा वंशवृक्ष मांडला. मात्र पोथ्यापोथ्यांत झालेल्या पाठमिश्रणाची स्पष्ट जाणीवही करून दिली. वृक्ष कोठे मोडतो हे दिसावे, यातच त्याचे संशोधनमूल्य आहे. जनाबाईच्या बाबतीत तर मूळ प्रत गृहीत धरणेच कठीण. अभंग कीर्तनकारांच्या बाडांतून आणि बायकांच्या मुखातून फिरत आलेला. (नकाशाही निर्दोष नाही: 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नामदेवांचे नरसी परभणीच्या नकाशातून निघून गेले!)

क्रिश्चन ली नोवेट्झकी यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात ‘नामदेव’ या नावामागे अनेकांनी चालविलेली कर्तृत्वपरंपरा पाहिली. हे प्रारूप नामदेवांपुरते समर्पक वाटते. ते जसेच्या तसे जनाबाईस लावण्यास मात्र माझा आक्षेप आहे. जिचे कर्तृत्व आधीच धन्याच्या नावाखाली नोंदले गेले, तिला आता समूहात विसर्जित करणे म्हणजे तोच अन्याय नव्या परिभाषेत करणे होय.

त्यापेक्षा रेषाच वेगळ्या काढाव्यात. हस्तलिखिताचा आधार असेल तेथे अखंड, केवळ नाममुद्रेचा असेल तेथे तुटक, आख्यायिकेचा असेल तेथे ठिपक्यांची. प्रत्येक अभंगापुढे त्याच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नोंदीचा काळ लिहावा. नोंद नसेल तर जागा कोरी सोडावी. अशी आकृती देखणी होणार नाही. कोऱ्या जागाच पुष्कळ असतील, आणि कोणते बाड आधी उघडायचे हे त्याच सांगतील.

अवघड प्रश्न जात्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत परभणी जिल्ह्यातील बायकांचे गाणे आहे, आणि दळणकांडण जनाबाईच्या अभंगातही आहे. ओवी आणि अभंग यांच्यामध्ये बाण काढायचा तर त्याचे टोक कोणत्या दिशेला? अभंग जात्यावर पोचला, असे आपण सहज धरून चालतो. जात्यावरूनच अभंग निघाला असेल, तर वृक्षाच्या मुळाशी नामदेव नव्हेत, नाव न नोंदलेल्या दळणाऱ्या बायका येतात.