चिलकॉट अहवाल : एका निर्णयाचे वाचन

सरकारी अहवालाला आपण साहित्याच्या पंक्तीत बसवत नाही. तरीही ६ जुलै २०१६ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला चिलकॉट अहवाल ग्रंथ म्हणून वाचला पाहिजे. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द आणि सात वर्षांचे परिश्रम एवढा त्याचा व्याप आहे. मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी करण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने कसा घेतला, हा त्यातील कळीचा प्रश्न.

संयम हे या ग्रंथाचे पहिले बळ. सर जॉन चिलकॉट व त्यांचे सहकारी कोठेही आवाज चढवत नाहीत. तारखा, टिपणे आणि बैठका ते क्रमाने मांडत जातात आणि युद्धाचा निर्णय एका दिवसात झाला नाही, तो झिरपत आला, हे वाचकाला हळूहळू उमगते. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजीच राष्ट्राध्यक्ष बुश यांना खासगी टिपण धाडून, काहीही झाले तरी साथ देण्याची ग्वाही दिली होती. २४ सप्टेंबरच्या सरकारी पुस्तिकेत गुप्तवार्ता अशा खात्रीने मांडल्या गेल्या की जी त्या पुराव्यांना पेलणारी नव्हती. ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांचा ७ मार्च २००३ चा सल्ला दीर्घ आणि साशंक होता. १७ मार्चला संसदेपुढे आले ते त्यांचे त्रोटक, निःशंक मत. ‘कदाचित’ हा शब्द वाटेत कोठे गळून पडला, याचा शोध म्हणजे हा अहवाल.

त्याचा निष्कर्ष कॅथॉलिक वाचकाला ओळखीचा वाटेल. शांततेचे मार्ग संपले नव्हते आणि त्या घडीला युद्ध हा अंतिम उपाय नव्हता, असे समिती म्हणते. न्याय्य युद्धाविषयीच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीतील ही एक मुख्य कसोटी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी २००३ मध्ये राजदूतांसमोर तिचाच उच्चार केला होता. ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी बुश यांना भेटले. रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिपद सोडले. दुसऱ्या दिवशी संसदेत ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती मिळाली. तेव्हा ‘हे शहाणपण मागाहूनचे’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. समितीनेही ती सबब मानलेली नाही.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. साक्षी शपथेवर घेतलेल्या नाहीत. युद्ध कायदेशीर होते की नाही यावर समिती मत देत नाही; तो आधार ज्या रीतीने ठरवला गेला ती मुळीच समाधानकारक नव्हती, एवढेच ती म्हणते. ही तिच्या अधिकाराची मर्यादा समजता येईल. त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांची संख्या नेमकी ठाऊक आहे : १७९. जुलै २००९ पर्यंतच्या इराकी मृतांविषयी मात्र ‘किमान दीड लाख, बहुधा बरेच अधिक’ असा केवळ अंदाज आहे. ज्यांच्या अंगणात युद्ध झाले, ते या ग्रंथात बहुधा आकडे होऊनच येतात.

त्या आकड्यांमागे आपलेही धर्मबांधव आहेत. मोसुलचे खाल्डियन महागुरुस्वामी पावलोस फराज राहो यांचे फेब्रुवारी २००८ मध्ये अपहरण झाले. मार्चमध्ये त्यांचा मृतदेह हाती आला. जुलै २०१४ मध्ये, म्हणजे अहवालाच्या कालमर्यादेनंतर, मोसुलच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. हे सारे एकाच निर्णयाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्या निर्णयाने मोडलेल्या घडीत या दुःखांना वाट मिळाली, हेही नाकारता येणार नाही.

पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण, मग पश्चात्ताप, मग प्रायश्चित्त, हा क्रम आपण लहानपणी शिकतो. एका राष्ट्राचे आत्मपरीक्षण या समितीने चोख केले. त्याच दिवशी ब्लेअर यांनी दुःख व्यक्त केले, पण निर्णय योग्यच होता ही भूमिका सोडली नाही. पुढच्या दोन पायऱ्या कोणतीही समिती दुसऱ्यासाठी चढू शकत नाही. मात्र एखादे सरकार सीमेपलीकडे सैन्य धाडताना निःशंक भाषेत बोलू लागले, तर त्याच्या कागदपत्रांतील ‘कदाचित’ कोठे गेले हे वेळीच विचारण्याची सवय हा ग्रंथ नागरिकाला लावतो. त्यासाठी तो वाचावा.